नोकरीची चाळणी : पदवी, यंत्र आणि न्याय

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत विद्यार्थी-साहाय्य समितीच्या वतीने काही लिहावे, अशी चिटणिसांची सूचना आली, तेव्हा पन्नास वर्षांत किती विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या याचा तक्ता द्यावा, असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु तो तक्ता अहवालात आहेच. ज्या मुलामुलींच्या शिक्षणास आपण हातभार लावला, त्यांच्यापुढे शिक्षण संपल्यावर जी अडचण उभी राहते तिची उकल करून पाहणे अधिक उपयोगाचे होईल, असा विचार करून आम्ही हा विषय घेतला आहे.

अडचण अशी. आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला व त्याने आपल्या मोबाइलवरील पत्रव्यवहार आम्हांस दाखविला. रात्री अकराच्या सुमारास त्याने एका नोकरीसाठी अर्ज पाठविला होता. सकाळी उठून पाहतो तो नकार येऊन पडलेला. "काका, रात्रीतून माझा अर्ज वाचला कोणी?" एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

चाळणी कशासाठी?

पीठ चाळण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. पोळीच्या कणकेस एक चाळण, बेसनाच्या लाडवांच्या भरड पिठास दुसरी. लाडवांच्या पिठास बारीक चाळण लावली तर जे रवाळ पीठ हवे तेच वर उरते आणि कोंडा समजून टाकले जाते. म्हणून जाणती गृहिणी चाळणीत उरलेले टाकून देण्यापूर्वी चिमटीत धरून पाहते.

नोकरभरतीचेही असेच आहे. एका जागेस शेकडो अर्ज येतात. ते सर्व नीट वाचावयास कोणास सवड नसते. तेव्हा कोणती तरी चाळणी लावावीच लागते. चाळणी लावण्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो दोन कारणांनी. एक तर चाळणी कामाच्या मापाची नसते. आणि दुसरे, वर काय उरले हे कोणी पाहत नाही. हे दोन मुद्दे वाचकांनी मनाशी धरून ठेवावेत, म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

पदवीची चाळणी

या चाळण्यांपैकी आपल्या सर्वांच्या परिचयाची म्हणजे पदवी. ती वाईट हेतूने आली असे आम्ही म्हणणार नाही. ओळखीपाळखीने, वशिल्याने वा घराण्याच्या नावावर जागा देण्यापेक्षा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास जागा द्यावी, हा विचार त्या काळी पुढारलेलाच होता. आपल्या समाजातील कितीतरी घरे मॅट्रिकच्या अथवा बी.ए.च्या प्रमाणपत्रावर वर आली. ते ऋण कोणी विसरू नये. तथापि पदवी ही योग्यतेची एक खूण आहे आणि खूण नसली म्हणजे योग्यता नाही, असे होत नाही.

आम्हां बडोदेकरांस हे निराळे सांगावयास नको. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ मध्ये येथे दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता व त्याचे शाळेचे शिक्षण झालेले नव्हते. शिक्षण त्यास मागाहून मिळाले. शिकलेला नाही म्हणून त्यास परत पाठविले असते, तर पुढे १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे सयाजीराव महाराज बडोद्यास लाभले नसते. याच महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, ते हातातील कसब शास्त्रशुद्ध रीतीने शिकविण्यासाठी. अक्षरशिक्षण आणि हस्तकौशल्य या दोहोंस त्यांनी सारखाच मान दिला.

पदवीच्या अटीने अन्याय होऊ शकतो काय, या प्रश्नाचा न्यायालयात खोलवर विचार झाला तो मात्र अमेरिकेत. नोकरभरतीच्या यंत्रांचा प्रसार आणि त्यांवरील वाद हेही तेथे ठळकपणे दिसतात. म्हणून काही वेळ तेथील उदाहरणे पाहणे भाग आहे.

उत्तर कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर या वीज कंपनीचे डॅन रिव्हर नावाचे वीजकेंद्र होते. तेथील ९५ कामगारांपैकी १४ कृष्णवर्णीय होते आणि त्यांना मजूर खात्यातच काम मिळत असे. त्या खात्यातील सर्वांत मोठा पगार इतर खात्यांतील सर्वांत लहान पगाराहूनही कमी होता. १९५५ मध्ये कंपनीने वरच्या खात्यांत येण्यासाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतील वर्णभेदास बंदी करणारा कायदा अमलात आला, आणि त्याच दिवशी कंपनीने दोन लेखी चाचण्यांची भर घातली. अट कागदावर सर्वांस सारखी होती. वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यातील गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल उत्तीर्ण होते, तर कृष्णवर्णीय पुरुषांपैकी अवघे १२ टक्के. ज्यांस शाळाच नीट मिळाली नाही त्यांस शाळेचा दाखला मागितला, तर चाळणीवर कोण उरणार हे आधीच ठरलेले होते.

तेरा कामगारांनी दावा लावला. सुनावणीत एक गोष्ट उघड झाली. अट येण्यापूर्वीपासून कामावर असलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामे समाधानकारक रीतीने करीत होते. म्हणजे त्या दाखल्याचा आणि त्या कामाचा संबंध कंपनीस दाखविता आला नाही. ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा आशय असा की, मालकाचा हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही. एखाद्या अटीने एक समाज मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असेल, तर त्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखविले पाहिजे. हे तत्त्व पुढे १९९१ च्या कायद्यातही आले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी सरकारी खात्यांनी या तत्त्वाच्या अंमलबजावणीस प्राधान्य देऊ नये असा आदेश काढला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे तत्त्व तेथेही वादातीत राहिलेले नाही. आम्हांस मात्र ते साध्या व्यवहारबुद्धीचे वाटते. लाडू वळावयाचे असतील तर चाळण लाडवांची हवी.

अट उठली, पुढे काय?

अमेरिकेतील दर दहा प्रौढांपैकी सुमारे सहांजवळ चार वर्षांची पदवी नाही. इतक्या लोकांस दारातूनच परत पाठविणे परवडणारे नाही, हे अलीकडे तेथील सरकारांच्या व कंपन्यांच्या ध्यानी आले. मार्च २०२२ मध्ये मेरीलँड राज्याने आपल्या हजारो सरकारी जागांवरील पदवीची अट उठविली. जानेवारी २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यपालांनी अधिकारावर येताच सुमारे ६५,००० सरकारी जागा, म्हणजे एकूण जागांपैकी ९२ टक्के, पदवीवाचून खुल्या केल्या. मोठमोठ्या खाजगी कंपन्यांनीही तशाच घोषणा केल्या.

परंतु घोषणा म्हणजे नेमणूक नव्हे. हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेने बर्निंग ग्लास या संस्थेच्या सहकार्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अटी उठविल्यामुळे पदवी नसलेल्यांस खरोखर किती नव्या संधी मिळाल्या, याचा तीत हिशेब आहे. उत्तर असे निघाले की, वर्षभराच्या ७०० नेमणुकांत एकाचाही फरक पुरता पडला नाही. अट उठविणाऱ्या कंपन्यांपैकी ४५ टक्के कंपन्यांत तर बदल केवळ नावापुरता होता. जाहिरातीतील ओळ खोडली गेली, पण निवड करणाऱ्याच्या मनातील ओळ तशीच राहिली. पदवी विचारावयाची नाही, तर मग काय विचारावयाचे, हे त्यास कोणी शिकविलेच नव्हते.

आपल्याकडेही पदवीचे रूप बदलत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयीन शिक्षणात मधल्या पायऱ्या ठेवल्या आहेत : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर संशोधनासह अथवा विशेष अभ्यासासह पदवी. घरच्या अडचणीमुळे दोन वर्षांनी शिक्षण सोडावे लागलेल्या मुलीच्या हाती पूर्वी काहीच राहत नसे. आता पदविका तरी राहील. योजना चांगली आहे. पण जाहिरातीत 'पदवीधर पाहिजे' एवढेच छापलेले राहिले, तर ती मुलगी आपली पदविका घेऊन चाळणीवरच उरेल. म्हणून शिक्षणसंस्थेने पायऱ्या बांधल्या की नोकरी देणाऱ्याने आपला उंबरठाही नव्याने मोजला पाहिजे.

यंत्राची चाळणी

आता दुसऱ्या चाळणीकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. पण अर्ज निवडताना हे यंत्र नेमके काय करते, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

काही यंत्रे अगदी साधी असतात. त्यांना ठरावीक शब्द दिलेले असतात. ते शब्द अर्जात सापडले तर अर्ज पुढे, न सापडले तर बाजूस. दुसऱ्या प्रकारची यंत्रे स्वतः शिकतात. कचेरीत नवा कारकून आला आणि त्यास साहेबांनी सांगितले, "जुन्या फायली पाहा आणि तसेच करीत चला," तर तो काय करील? मागे ज्यांस घेतले तशांस घेईल, ज्यांस वगळले तशांस वगळील; का घेतले आणि का वगळले हे विचारणार नाही. शिकणारे यंत्र म्हणजे असा अतिशय चपळ, कधीही न थकणारा, पण कधीही 'का' न विचारणारा कारकून होय. जुन्या फायलींत अन्याय असेल तर तो अन्यायही त्यास कामाची रीत म्हणूनच कळतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅमेझॉन कंपनीचे आहे. २०१४ पासून त्या कंपनीत अर्जांस गुण देणारे एक यंत्र तयार करण्याचे काम चालले होते. आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे आलेले अर्ज त्यास शिकण्यासाठी दिले. तांत्रिक कामांसाठी आलेल्या त्या अर्जांत बहुसंख्य पुरुषांचे होते. त्यावरून यंत्राने असा धडा घेतला की पुरुष बरे. अर्जात महिलांच्या बुद्धिबळ मंडळाचा उल्लेख आला तरी ते गुण कमी करी; केवळ महिलांसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधर स्त्रियांसही ते खाली ढकली. अर्जात 'स्त्री' असे कोठे लिहावे लागत नव्हते. यंत्राने ते आजूबाजूच्या शब्दांवरून हुडकले. दुरुस्तीचा प्रयत्न झाला, पण ते दुसऱ्या आडवाटेने तसेच करणार नाही याची हमी कोणास देता येईना. अखेर कंपनीने ते काम सोडून दिले. ही हकिगत ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने उजेडात आणली. निवड करणाऱ्यांनी त्या यंत्रावर विसंबून निर्णय घेतले नाहीत, असे कंपनीने सांगितले.

साध्या यंत्रांनी होणारे नुकसान याहूनही व्यापक आहे. हार्वर्डच्या त्याच संस्थेने अ‍ॅक्सेंचर कंपनीबरोबर २०२१ मध्ये अमेरिका, इंग्लंड व जर्मनी येथील मालकांची पाहणी केली. दहांपैकी नऊहून अधिक मालक अर्ज गाळण्यासाठी वा त्यांचा क्रम लावण्यासाठी यंत्र वापरीत होते; आणि त्यांतील ८८ टक्क्यांनी स्वतःच कबूल केले की, चांगली पात्र माणसेही जाहिरातीतील शब्दाशी शब्द जुळला नाही म्हणून बाहेर पडतात. जवळजवळ निम्म्या ठिकाणी नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड पडलेल्यांचे अर्ज आपोआप गाळले जात. येथे आमच्या भगिनीवर्गाने थोडे थांबावे. बाळंतपणासाठी, सासूबाईंच्या आजारपणासाठी अथवा नवऱ्याच्या बदलीमुळे वर्ष-दोन वर्षे घरी राहिलेल्या किती बायका आपल्या माहितीत आहेत? त्यांचे शिक्षण गेले नाही, हुशारी गेली नाही. केवळ दोन तारखांमध्ये अंतर पडले. यंत्रास अंतर दिसते, त्याचे कारण दिसत नाही.

अपंग बंधुभगिनींचीही अशीच गोष्ट आहे. काही ठिकाणी उमेदवाराने कॅमेऱ्यासमोर उत्तरे द्यावयाची आणि यंत्राने त्याचा चेहरा व बोलणे पाहून गुण द्यावयाचे, अशी पद्धत निघाली. अडखळत बोलणाऱ्याचे वा अर्धांगवायूने चेहरा वाकडा झालेल्याचे त्यात काय होईल, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. या धंद्यातील हायरव्ह्यू नावाच्या कंपनीने टीकेनंतर जानेवारी २०२१ मध्ये चेहऱ्याचे परीक्षण बंद केल्याचे जाहीर केले.

अमेरिकेतील एका गृहस्थाने वर्कडे या नोकरभरतीची यंत्रप्रणाली पुरविणाऱ्या कंपनीवर २०२३ मध्ये दावा लावला. हे गृहस्थ कृष्णवर्णीय, चाळिशी ओलांडलेले. शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करूनही सर्वत्र नकार. त्यांच्या तक्रारीप्रमाणे एक अर्ज त्यांनी रात्री १२-५५ ला पाठविला आणि नकार १-५० ला आला. कंपनीने आरोप नाकारले आहेत. परंतु जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने दावा पुढे चालू दिला आणि असे म्हटले की, मालकाच्या वतीने उमेदवारांची निवड यंत्र करीत असेल, तर यंत्र पुरविणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो. मे २०२५ मध्ये चाळिशीवरील इतर अर्जदारांस त्या दाव्यात सामील होण्याची वाट मोकळी झाली.

आमच्या विद्यार्थ्यास तेव्हा देता न आलेले उत्तर आता देता येईल. बाळ, रात्रीतून तुझा अर्ज बहुधा कोणीच वाचला नाही.

माणूस तरी निर्दोष आहे काय?

इथवर वाचून कोणी म्हणेल की यंत्रे काढून टाका आणि पूर्वीप्रमाणे माणसांनी अर्ज वाचावेत. इतके ते सोपे नाही. यंत्राने जी वाईट खोड उचलली ती माणसांच्याच फायलींतून.

आपल्याच देशातील एक अभ्यास पाहा. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींस अर्ज पाठवून पाहिले. अर्जांतील शिक्षण आणि अनुभव सारख्याच तोलाचा ठेवला. फक्त नावे वेगळी, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुसलमान वाटतील अशी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाच्या अर्जास बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाच्या अर्जास सुमारे एक-तृतीयांश होता. पदवी तीच, अनुभव तोच, चाळणी आडनावाची.

आणि बडोद्यात बसून आम्ही हे लिहीत असता डॉ. आंबेडकरांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन पुढे लंडनला शिकले आणि करारास स्मरून १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या काळी त्या कचेरीत त्यांच्याइतका शिकलेला दुसरा कोण असेल? तरीही या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्या माणसाने अश्रू ढाळले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपल्यापैकी अनेकजण मुलांस घेऊन त्या बागेत नेहमी जातात; एखाद्या रविवारी त्यांस ही हकिगतही सांगावी. पदवी नसलेल्यास वगळणे हा एक अन्याय. पदवी असूनही माणूस नाकारणे हा दुसरा. पदवीची अट घालून किंवा काढून दुसरा अन्याय दूर होत नाही. त्यासाठी निवडणाऱ्याने स्वतःस तपासावे लागते.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. माणसाच्या मनात काय चालले ते उघडून पाहता येत नाही. यंत्रास मात्र हजार अर्ज देऊन, नुसती नावे बदलून, पुन्हा हजार अर्ज देऊन निकाल ताडून पाहता येतो. म्हणून यंत्राचा न्याय तपासणीवर अवलंबून आहे. न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये तसा कायदा केला व ५ जुलै २०२३ पासून तो अमलात आणला. निवडीचे यंत्र वापरावयाचे असेल तर वर्षाच्या आत त्रयस्थाकडून त्याची पक्षपाताबद्दल तपासणी झालेली असावी, तिचा गोषवारा जाहीर करावा आणि उमेदवारास आगाऊ सूचना द्यावी, अशी त्याची कलमे आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात नोकरभरतीची यंत्रे अधिक जोखमीच्या वर्गात घातली आहेत. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क दिला आहे. खाजगी कचेरीतील यंत्रास मात्र ते कलम लागू होत नाही.

तीन प्रश्न

या सर्व विवेचनाचे सार तीन प्रश्नांत सांगता येईल. चाळणी पदवीची असो, यंत्राची असो वा मुलाखतीतील चार वडीलधाऱ्यांची असो, हे तीन प्रश्न तिला विचारावेत.

पहिला प्रश्न : ही अट या कामास खरोखर लागते काय? दवाखान्यातील डॉक्टरास पदवी हवीच. तेथे सवलत मागणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ. पण दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्यास बी.कॉम. हवे की बिनचूक हिशेब हवा, हे ठरवावे.

दुसरा प्रश्न : वर काय उरले ते कोणी पाहिले काय? नाकारलेल्या अर्जांतून वीस अर्ज डोळे मिटून उचलावेत आणि माणसाने शांतपणे वाचावेत. त्यांत दोन चांगले निघाले, तर चाळण बदलावयास हवी.

तिसरा प्रश्न : का नाकारले, याचे उत्तर देणारा माणूस आहे काय? 'यंत्राने सांगितले' हे उत्तर नव्हे. 'नियमच तसा आहे' हेही नव्हे.

आपल्या मंडळापुरते

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपले घर पाहावे. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या वाचनालयासाठी एका साहाय्यकाची जागा भरावयाची होती. जाहिरातीत 'पदवीधर असावा' असे होते. अर्ज करणाऱ्यांत एक बाई होत्या, शिक्षण बारावीपर्यंत. वाचनालयाच्या त्या जुन्या सभासद; कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे त्यांस तोंडपाठ होते आणि घरी शिवणकामाच्या व्यवसायाचा हिशेब त्याच लिहीत. पदवी नाही म्हणून त्यांचा अर्ज आम्ही मुलाखतीपर्यंतही नेला नाही. पुढे एका सभेत कोणी सहज विचारले की ही अट घातली कोणी? जुनी दफ्तरे काढून पाहिली, तर मागील जाहिरातीवरून ती उतरवून घेतलेली. मागील तिच्याही मागील जाहिरातीवरून. कारण कोणासच सांगता येईना. ती चाळणी लावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. ज्यांस नेमले त्यांनी काम चांगले केले, याबद्दल तक्रार नाही. पण त्या बाईंनी ते अधिक चांगले केले असते की नाही, हे आता कधीच कळणार नाही. त्या अजूनही पुस्तक बदलावयास येतात, हसून बोलतात. ओशाळल्यासारखे होते ते आम्हांस.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात समितीने पुढील सूचना विश्वस्तांपुढे ठेविल्या आहेत. मंडळाच्या यापुढील कोणत्याही जाहिरातीत प्रत्येक अटीपुढे ती का हवी हे एका वाक्यात कार्यवृत्तात लिहावे. लिहिता न आल्यास अट गाळावी. उमेदवारास तासाभराचे प्रत्यक्ष काम देऊन पाहावे, आणि त्या तासाचा मोबदला द्यावा. पदवीच्या शिष्यवृत्तीइतकेच साहाय्य आय.टी.आय.च्या अथवा उमेदवारी करून कसब शिकणाऱ्या मुलास द्यावे. दर महिन्याच्या एका शनिवारी अनुभवी सभासदांनी वाचनालयात बसून मुलामुलींस अर्ज लिहिण्यास मदत करावी.

मुलांसही दोन शब्द. यंत्र शब्द शोधते. तेव्हा जाहिरातीत जे काम मागितले आहे ते तुम्हांस येत असेल, तर त्याच शब्दांत स्पष्ट लिहा. शिक्षणात वा नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवू नका. त्या काळात काय केले ते एका ओळीत सांगा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सुबक अर्ज यंत्राकडून लिहवून घेणे सोपे झाले आहे. त्यामुळे सारे अर्ज एकमेकांसारखे दिसू लागले आणि सुबकपणाची किंमत उतरली. भाषा सुधारून घेण्यास हरकत नाही, पण जे केले नाही ते लिहवून घेऊ नका. आपण केलेल्या कामाचा नमुना, मग ते रेखाचित्र असो, हिशेबाची वही असो वा यंत्राचा सुटा भाग असो, जवळ जपून ठेवा. आणि नकार आला तर नम्रपणे कारण विचारा. उत्तर दर वेळी येईलच असे नाही. पण विचारणारे वाढले म्हणजे उत्तर देणाऱ्यांसही तयारी ठेवावी लागते.

आपल्या सभासदांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, मोठ्या कंपन्यांत माणसे निवडण्याचे अधिकार असलेलेही आहेत. त्यांच्या टेबलावर, आता त्यांच्या पडद्यावर म्हणावे, नाकारलेल्या अर्जांची यादी असतेच. या स्मरणिकेचे पान मिटल्यावर त्यांनी त्या यादीतील वीस अर्ज उघडून वाचावेत, एवढीच आमची त्यांस विनंती आहे. कदाचित त्यांत आपल्याच वसतिगृहातील एखाद्या मुलाचा अर्ज असेल. नसला, तरी तो कोणाच्या तरी मुलाचा असेलच.